डब्याच्या झाकणावर पेन्सिल

शुक्रवार, २१ मार्च
सकाळ, चहा झाल्यावर

चि. छकुली,

अनेक आशीर्वाद. मी खुशाल आहे, तूही खुशाल असशील. ही वाक्यं हाताच्या सवयीने आली आहेत, त्यांचा काही अर्थ लावत बसू नकोस.

मंगळवार, ४ मार्च, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. तारीख आणि वेळ आधीच लिहून टाकते, म्हणजे नंतर ‘तू कधीचं म्हणतेस, ताई?’ असं विचारायला जागा राहणार नाही. त्या वेळी मी डोळ्यांच्या दवाखान्यात ऑपरेशनच्या टेबलावर पाठ टेकून पडले होते, एका डोळ्यावर झाकण आणि दुसऱ्यासमोर छत. तिथली मुलगी मला सारखी म्हणत होती, “आजी, हलू नका हं.” मी कोणाचीही आजी नाही हे तिला सांगायचं होतं, पण बोललं तरी म्हणे डोळा हलतो. आणि नेमक्या त्याच वेळी तू माझ्या मागच्या अंगणात, बिस्किटांच्या डब्याचं झाकण डाव्या हातात धरून त्यावर माझी लाल पेन्सिल वाजवलीस, माझ्या पाच कोंबड्यांना बोलावलंस आणि एका परक्या माणसाच्या हवाली केलंस.

वेळ मला मागच्या माडीवरच्या शिंपीणबाईंनी सांगितली. त्यांच्या मशीनच्या वर घड्याळ आहे आणि मशीनच्या पुढ्यात खिडकी, आणि खिडकीत आपलं अंगण. यापेक्षा चांगला साक्षीदार मी सगळ्या नोकरीत पाहिला नाही. कोर्टात स्टेनो म्हणून मी जन्मभर दुसऱ्यांचं बोलणं उतरवून घेतलं. चोरांचं, सासवांचं, पोलिसांचं, वकिलांचं. मधे तोंड उघडायची मला परवानगी नव्हती. आता माझी पाळी आहे.

आधी घरची बातमी. डोळा बरा आहे. काळा चष्मा लावते, त्यामुळे दूधवाला मला ओळखत नाही, आणि ओळखत नाही म्हणून हिशेब मागत नाही. डॉक्टरांनी वाकायला बंदी केली आहे. वजन उचलायचं नाही, शिंकताना जपायचं, आणि रडायचं नाही. शेवटचं त्यांनी हसत सांगितलं. मी म्हटलं, ती सोय माझ्याकडे पहिल्यापासूनच नाही. दवाखान्यातून घरी आले, मागचं दार उघडलं, अंगण रिकामं. एवढंच. बाकी छताचा पंखा पुन्हा आवाज करायला लागला आहे.

फोनवर का बोलत नाही, हे तुझ्या इंजिनियर मुलाने विचारलं म्हणून सांगते. मी दोनदा फोन केला. पहिल्यांदा तू ‘चांगल्या ठिकाणी दिल्यात गं’ एवढं बोललीस आणि पुढे नाक ओढायला लागलीस. दुसऱ्यांदा तुझ्या हातातून फोन त्याने घेतला. “मावशी, कोंबड्याच आहेत त्या. दुसऱ्या घे ना. मिळतात की बाजारात.” भाचेही मिळत असतील, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. पण फोनवर चांगली वाक्यं खर्च करायची नाहीत, पलीकडचा माणूस ती खाली ठेवून निघून जातो. कागदावरचं वाक्य घरात पडून राहतं. म्हणून कागद.

तू विसरली असशील असं नाही, पण तुला आठवायचं नसेल, म्हणून मी लिहून ठेवते.

तुझा नवरा गेल्यावर तू एक बॅग घेऊन माझ्या दारात आलीस, तो हिवाळा होता. सकाळी उठायचीस, खिडकीपाशी बसायचीस, संध्याकाळी खिडकीपासून उठायचीस. जेवायला हाक मारली तर ‘हो’ म्हणायचीस आणि यायची नाहीस. सगळ्यांनी मला सल्ले दिले. तिला बोलतं करा, तिला रडू द्या, तिला बागेत न्या. मी काहीच केलं नाही. माझं विणकाम घेऊन तुझ्या बाजूला बसायचे आणि तुझ्याकडे बघायचे नाही. तुझा चहा तुझ्या हाताला लागेल असा ठेवायचे. तो कधी प्यायलीस, कधी गार झाला.

मग जूनमध्ये तो सायकलवाला आला, भोकं पाडलेलं खोकं कॅरियरला बांधून. गावठी पिल्लं, आठवड्याची सुद्धा नसतील. मी तुला विचारलंही नाही. आठ घेतली. शेजारी म्हणाले, बाईंना रिटायर झाल्यावर चळ लागला. लागला तर लागला. टीव्हीच्या खोक्यात दिवा सोडला, खाली जुनी वर्तमानपत्रं अंथरली. तीच माझी चूक झाली. गुळगुळीत कागदावर एका पिल्लाचे पाय दोन्हीकडे फाकले, ते बेडकासारखं पालथं पडून राहायला लागलं. मी म्हटलं, हे काही जगत नाही.

तेव्हा तू खिडकीपासून उठलीस. किती महिन्यांनी तू पहिलं अख्खं वाक्य बोललीस, ते मला पाठ आहे. “ताई, कागद काढ, फडकं घाल. ते घसरतंय.”

चिकटपट्टीची बारीक चिंधी कापून त्याच्या दोन पायांना तू बेडी घातलीस, मधे बोटभर अंतर ठेवून. ते पडलं की उभं करायचीस. पडलं की उभं करायचीस. तिसऱ्या की चौथ्या दिवशी ते आपलं आपण उभं राहिलं आणि तू चक्क हसलीस. बेडी काढली तरी थोडी ओढ राहिली पायात. तिचं नाव लंगडी. नाव मी ठेवलं, पाय तू दिलेस.

दोन पिल्लं पहिल्याच आठवड्यात गेली. उरलेली सहा. तुरा यायच्या आधीच आरवायला बघणारा तो वकीलसाहेब, मुद्दा नसतानाही आवाज मोठा. कोणाच्याही मागे मागे जाणारी ती बेलिफ. दाणा दिसला तरी आधी इकडेतिकडे बघून मग सावकाश टिपणारी कारकून. सगळ्यांत वरच्या फांदीवर बसून इतरांवर नजर ठेवणारी जजबाई. लंगडी. आणि बुजरी, जी कुणाच्याच हाताला कधी लागली नाही.

बाकीच्यांना माणसाळवलं कोणी? आपण दोघींनी. मला पुस्तकातलं काही येत नव्हतं, पण एक गोष्ट पहिल्याच दिवशी कळली. वरून हात आला की पिल्लं जीव घेऊन कोपऱ्यात दडतात. त्यांना ती घार वाटते. आपण कितीही प्रेमाने हात घातला तरी वरून येणारा हात घारीचाच. म्हणून हात बाजूने न्यायचा, तळवा वर करून जमिनीला टेकवायचा, त्यात कण्या ठेवायच्या आणि मग काहीही करायचं नाही. बघायचंही नाही. रोज तोच राखाडी स्वेटर घालायचा, कारण नवा रंग दिसला तरी ती बिथरतात. तुझ्या हाताला मुंग्या यायच्या, पण तू हात हलवायची नाहीस. मी म्हणायचे, “अगं, ते पिल्लू आहे, परीक्षा नाही.” तू म्हणायचीस, “श्श.” मोठ्या बहिणीला श्श! आणि मला त्याचा आनंद व्हायचा, हे तुला तेव्हा सांगितलं नव्हतं.

पेन्सिलीची युक्ती माझी. दाणा द्यायच्या आधी डब्याच्या झाकणावर तीन टक् टक् टक्. मग दाणा. चुकूनही नुसतं वाजवायचं नाही. वाजलं की दाणा मिळालाच पाहिजे, नाहीतर आवाजावरचा विश्वास उडतो. ही युक्ती कुठून आली ते तुला ठाऊक आहे. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरकडे दोन फळ्यांची ती लाकडी टकटकी होती. एक टक् म्हणजे गुडघे टेकायचे, दोन म्हणजे उठायचं. शंभर मुली एका आवाजावर खालीवर. मागच्या वर्षी सुताराच्या दुकानात त्याने फळीवर फळी दोनदा आपटली आणि आपण दोघी साठी उलटलेल्या बायका ताठ उभ्या राहिलो. तू इतकी हसलीस की सुतार रागावला. तुला वाटलं असेल की मी तिथून नुसता आवाज उचलला. मी त्यात एक सुधारणाही केली होती. सिस्टरच्या टकटकीनंतर आपल्याला कधी काही मिळालं नाही. माझ्या टकटकीनंतर दर वेळी मिळायचं.

दर वेळी. चार मार्चपर्यंत.

आता शिंपीणबाईंची जबानी. मी ती शॉर्टहँडमध्ये उतरवून घेतली, बोट अजून चालतं.

“तुमच्या बहीणबाईंनी झाकणावर टकटक केलं आणि ती सगळी धावत आली हो. शाळा सुटल्यासारखी.”

“सगळी?”

“एक सोडून. ती काळपट आहे ना, ती पाण्याच्या टाकीवर चढून बसली. बाकीची आली. बहीणबाई पायरीवर बसल्या होत्या. त्यांनी दाणे टाकले, खाऊ दिले. मग एकेकीला उचललं.”

“ओरडल्या?”

“ओरडल्या असत्या तर मी खाली आले असते, बाई. बहीणबाई आधी छातीशी धरायच्या, मग त्या माणसाला द्यायच्या. त्याच्याकडे जाळीचा क्रेट होता. ती लंगडणारी तर स्वतःहून मांडीत चढली.”

“माणूस कोण होता?”

“हेल्मेट होतं त्याला.”

हेल्मेट! दरोडा घालणारेही एवढी तयारी करत नाहीत.

इथवर शिंपीणबाई मशीन चालवत चालवत सांगत होत्या. मग त्यांनी पाय थांबवला. म्हणाल्या, “एक सांगू का? माणूस गेल्यावर त्या तिथेच बसून राहिल्या. आणि पेन्सिल वाजवत राहिल्या. कोणी नव्हतं यायला. मला वाटलं, त्या टाकीवरचीला बोलावतात. पण टाकीकडे त्या बघतच नव्हत्या.”

हे मला ऐकायचं नव्हतं. मी त्यांना विचारलंही नव्हतं. एवढा चांगला धडधडीत राग हातात असताना मधेच असलं काही कानावर पडलं की काम अवघड होतं. मी त्यांना म्हटलं, तुम्ही तुमची बाही शिवा.

तुझी चिठ्ठी फ्रिजवर होती. “ताई, कोंबड्यांची सोय केली आहे. डोळ्यामुळे तुला एकटीला झेपणार नाही. रागावू नकोस. पोचल्यावर फोन करते.” यातला ‘सोय’ हा शब्द मी पुष्कळ वेळा वाचला. चांगल्या घरातली माणसं जे तोंडाने म्हणवत नाही त्याला सोय म्हणतात. म्हाताऱ्यांची करतात, कुत्र्यांची करतात. आणि ‘एकटीला’. एकटी कोणी केलं, छकुली? त्या चिठ्ठीत कोंबड्यांना दोन वाक्यं आहेत. स्वतःच्या जाण्याला तू एकही दिलं नाहीस. ‘पोचल्यावर’. जशी काही कोपऱ्यावर ब्रेड आणायला गेलीस.

मी मग काय केलं ते ऐक. चौथ्या दिवशी काळा चष्मा लावून, झाकण पिशवीत घालून, मी चिकनच्या दुकानात गेले. आयुष्यात पहिल्यांदा. डोळ्याला धूळ लागू देऊ नका म्हणून सांगितलेली बाई, आणि तिथे पिसं उडत होती. आपल्या गल्लीतलं दुकान, मग बाजारातली दोन. जाळीत पांढऱ्या कोंबड्या एकमेकींच्या अंगावर बसलेल्या. मी झाकण काढलं आणि वाजवलं. टक् टक् टक्. माझी लाल पेन्सिल नव्हती, दुसरी साधी होती, पण कोंबडीला रंग ऐकू येत नाही.

दुकानदार म्हणाला, “मावशी, कोणती देऊ?”

मी म्हटलं, “जी मान वर करेल ती.”

कोणीच मान वर केली नाही. तीनही दुकानांत कोणीच नाही. रस्त्यावर येऊन मी उभी राहिले आणि मला कळेना, ही चांगली बातमी आहे की वाईट. त्या तिथे नाहीत, म्हणजे कुठेतरी आहेत. किंवा तिथे होत्या आणि मी तीन दिवस उशिरा पोचले. निकाल लागत नाही तोवर कोर्टात माणसं जशी बाकावर बसून राहतात, तशी मी तेव्हापासून बसले आहे. आणि माझा निकाल तुझ्या तोंडात आहे. ‘चांगल्या ठिकाणी’ हा पत्ता नव्हे. कोणाला दिल्यास? शेतावर? ओळखीत? त्या इंजिनियरच्या मित्राला, पार्टीसाठी? तुला तरी माहीत आहे, की तूही ‘सोय’ एवढाच शब्द ऐकलास आणि पुढे विचारलं नाहीस? मला वाटतं तेच खरं आहे. त्याने फोन फिरवला असेल, “आई, तू काळजी करू नकोस, माझा माणूस येईल, सगळं बघेल.” आणि तू नाक ओढत हो म्हणालीस. जेवायला हाक मारल्यावर म्हणायचीस तसं.

आणखी एक. दवाखान्याची तारीख कोणी घेतली होती? तू. मला चार मार्च नको होती, मंगळवारी तिथे गर्दी असते. तू म्हणालीस, “अगं, लवकर झालेलं बरं.” निघताना तुझं डोकं दुखत होतं. मी म्हटलं, नको येऊस, पडून राहा, मी जाते रिक्षाने. तू दारापर्यंत आलीस, माझ्या स्वेटरचं वरचं बटण लावून दिलंस. मी फाटकाबाहेर जाऊन मागे वळून पाहिलं तर तू अजून उभी होतीस. मला बरं वाटलं होतं. किती सावकाश, किती बाजूने आलीस तू, छकुली. तळवा वर करून. मला घार दिसलीच नाही.

मी तुझ्यावर कधी वरून हात टाकला नव्हता. आठवून बघ.

आता नोंदीत एक दुरुस्ती. पहिल्या पानावर मी लिहिलं आहे की दवाखान्यातून घरी आले आणि मागचं दार उघडलं. हे खरं नाही. कोर्टात साक्षीदाराची वाक्यं मी कधी सुधारली नाहीत, तेव्हा स्वतःचीही जशी आहेत तशी असली पाहिजेत.

घरी आले ती एक वाजता. रिक्षावाल्याने हात धरून फाटकापर्यंत सोडलं. मी कुलूप बघितलं तरी मला काही वाटलं नाही, वाटलं औषध आणायला गेली असेल. आत जाऊन सवयीने हाक मारली, “छकुले, चहा टाक गं, त्यांनी उपाशी ठेवलंय.” मग तुझ्या खोलीचं दार ढकललं. कपाटाची दोन्ही दारं उघडी. हँगर नुसते. पलंगावरची चादर चार घड्या करून पायाशी ठेवलेली, हॉस्टेल सोडताना सिस्टर आपल्याला करायला लावायची तशी. मी पलंगावर बसले. चहा टाकला नाही. डोळ्याची पट्टी ओढून बघितलं, कदाचित एका डोळ्याने कमी दिसत असेल म्हणून.

अंधार पडायला लागला तेव्हा मला आठवलं की कोंबड्या आत घ्यायच्या राहिल्या. तेव्हा मी मागचं दार उघडलं.

म्हणजे अकरा वीसच्या गुन्ह्याची मला खबर लागली ती दिवेलागणीला. त्याआधीचा सगळा वेळ मी दुसऱ्याच गोष्टीची फिर्यादी होऊन त्या पलंगावर बसले होते, आणि त्या गोष्टीला कुठलंही कलम नाही. मुलाकडे राहायला जाणं हा गुन्हा नाही. ते मला समजतं. सांगून गेली असतीस तर मी अडवलं असतं का? हो, अडवलं असतं. टोमणे मारले असते. दोन दिवस बोलले नसते. तिसऱ्या दिवशी तुझी बॅग मीच भरली असती, आणि तुझा चांगला कोट मुद्दाम सगळ्यांत खाली दाबला असता. एवढंच झालं असतं. एवढ्याला भिऊन तू मला आंधळी करून निघून गेलीस.

म्हणून मी कोंबड्यांबद्दल लिहिते. त्यांच्याबद्दल लिहिता येतं.

राहता राहिली बुजरी. तुला आठवतं, तू तिच्यावर किती मेहनत घेतलीस? सगळ्यांत जास्त. कण्या देऊन झालं, किडे देऊन झालं, भिंतीकडे तोंड करून तासन् तास बसून झालं. ती लांबून बघायची आणि आपण उठून गेलो की मग यायची. तू रडकुंडीला येऊन म्हणायचीस, “हिचं मी काय वाईट केलंय?” काहीच नाही. तिला पटलं नव्हतं, इतकंच. आता अंगणात तीच आहे. ज्या पाच जणींनी आपल्यावर विश्वास ठेवला त्या क्रेटमध्ये गेल्या, आणि जिने नाही ठेवला ती टाकीवरून माझ्याकडे बघते आहे. (वकीलसाहेब जणी नव्हते, पण आता त्यांची हरकत कोण नोंदवणार?) हे शिकवायला मला कॉन्व्हेंटची अकरा वर्षं आणि कोर्टाची सगळी नोकरी कमी पडली होती. तू एका सकाळीत शिकवलंस.

आणि आता खरी बातमी, जिच्यासाठी हे पत्र लिहायला बसले. बुजरी खुडूक बसली आहे.

टाकीच्या मागे, मोडक्या बादलीच्या आडोशाला, तिने कधीपासून चोरून अंडी घातली होती कोण जाणे. दहा तारखेपासून ती त्यांच्यावरून हललेली नाही. अंग फुगवून बसली आहे आणि जवळ गेलं की गुरगुरते. वकीलसाहेब तेव्हा होते, म्हणजे अंडी फुकट जाणार नाहीत. मला वाकायला बंदी, म्हणून मी सगळ्यांत खालच्या पायरीवर बसते आणि पाण्याची वाटी काठीने पुढे सरकवते. ती पीत नाही. मी आत गेले की पिते, हे मला खिडकीतून दिसतं. परवा चुकून माझ्या हातातली किल्ली झाकणावर वाजली. ती अंड्यांवरून उठून पळायच्या बेतात होती. तिने त्या दिवशी टाकीवरून सगळं पाहिलं आहे. तिच्या लेखी तो आवाज म्हणजे काय, ते ती चांगलं जाणून आहे.

पिल्लं सोमवारी, ३१ तारखेला बाहेर येतील. एखादा दिवस मागेपुढे. पहिले काही दिवस फार महत्त्वाचे असतात हे तुला मी सांगायला नको. त्या दिवसांत हात पुढे केला तर ती हाताची होतात. नाही केला तर आईकडे बघून आयुष्यभर टाकीवर बसतात. मला त्याआधी ठरवायचं आहे, हात पुढे करायचा की नाही. आणि ते मी तुझ्या उत्तराशिवाय ठरवणार नाही, कारण शिकवलेला आवाज कोणाच्या हातात जाईल यावर शिकवणाऱ्याचा काही ताबा राहत नाही, हे मला आता कळलं आहे.

तेव्हा मला लेखी कळव. त्या माणसाचं नाव आणि पत्ता काय. ‘चांगलं ठिकाण’ चालणार नाही. त्या मेल्या असतील तर मेल्या असं लिही, तेवढी धमक दाखव. पहिल्या टकटकीलाच आल्या का, की तुला पुन्हा वाजवावं लागलं? लंगडी खरंच स्वतःहून चढली का, की शिंपीणबाईंनी आपल्या मनाचं घातलं? आणि माणूस निघून गेल्यावर तू पायरीवर बसून वाजवत होतीस, ते कोणासाठी?

झाकण मला पायरीवर सापडलं. लाल पेन्सिल नाही सापडली. मी अंगण झाडून घेतलं, बादलीत पाहिलं, तुझ्या खोलीत पलंगाखाली पाहिलं, वाकू नका सांगितलेलं असताना. ती घरात नाही. ती कुठे आहे याची मला कल्पना आहे, आणि त्याबद्दल मी अजून काही म्हटलेलं नाही.

उत्तर त्याच पेन्सिलीने लिहायचं. सोबत पत्ता घातलेलं, तिकीट लावलेलं पाकीट आहे, म्हणजे इंजिनियरला विचारायला नको. शनिवार, २९ मार्च, दुपारचं टपाल यायच्या आत ते माझ्या हातात पडलं पाहिजे. रविवारी टपाल नसतं आणि सोमवारी पिल्लं असतील. फोन आला तर मी उचलणार नाही. पाकिटात निळं किंवा काळं अक्षर दिसलं तर मी ते न वाचता ठेवून देईन, आणि पिल्लं जशी जन्मतील तशी वाढतील.

लाल दिसलं तर मी खालच्या पायरीवर जाऊन बसेन.

तुझी, आणि हा शब्द सवयीने आलेला नाही,

ताई